कॅसिनोत पहिल्यांदा टेबलावर बसताय? आधी टेबल वाचायला शिका

नवीन माणूस कॅसिनोत गेला की बहुतेक वेळा थेट मशीनकडे वळतो, कारण तिथे बटण दाबलं की झालं, आणि काही चुकलं तरी बघणारं कोणी नसतं. टेबलाजवळ मात्र पाय अडतो. हात कुठे ठेवायचा, पैसे कोणाला द्यायचे, काय बोलायचं, हे काहीच माहीत नसतं आणि बाकीचे सगळे वर्षानुवर्षं तिथेच बसल्यासारखे वाटतात. खरं सांगायचं तर निम्मे नियम त्या टेबलावरच छापलेले असतात आणि उरलेले निम्मे तिथे ठेवलेल्या वस्तूंवरून कळतात, म्हणून मी कोणालाही आधी सामान ओळखायला सांगतो, खेळ नंतर.

एक गोष्ट आधीच. जिथे खेळणार तिथला कायदा आणि वयाची अट आधी बघून घ्या, आणि जेवढे पैसे गेले तरी चालतील तेवढेच खिशात घेऊन जा. टेबलावर बसल्यावर हा हिशोब होत नाही.

पायरी १: बसायच्या आधी पाटी आणि कापड वाचा

प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यात एक छोटी पाटी असते, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती लावता येतं ते लिहिलेलं असतं. ही न वाचता बसणारे लोक रोज दिसतात, आणि मग डीलर (टेबल चालवणारा कॅसिनोचा माणूस) त्यांची चिप (पैशांऐवजी लावायची चकती) परत सरकवतो. रुलेटवर (फिरतं चाक आणि गोळीचा खेळ) तर यात अजून एक भानगड असते, आकड्यांवरचं मिनिमम वेगळं आणि बाहेरच्या मोठ्या चौकोनांवरचं वेगळं, त्यामुळे पाटीवर दोन आकडे दिसले तर गोंधळू नका.

मग टेबलावरचं कापड बघा. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या कापडावर ब्लॅकजॅक लागला तर किती मिळणार आणि डीलर १७ वर थांबणार की नाही हे कमानीसारख्या ओळींमध्ये बऱ्याचदा लिहिलेलं असतं. लोक त्यावर कोपर ठेवून बसतात आणि वाचत नाहीत, आणि सगळ्यात महागात पडणारी माहिती नेमकी तीच असते. (का ते ब्लॅकजॅकमध्ये सांगतो.)

दोन-चार डाव नुसतं मागे उभं राहून बघा. कोणी हाकलत नाही.

पायरी २: पैसे द्या, पण हातात नाही

डीलरच्या हातात नोटा द्यायच्या नाहीत, तो घेणारच नाही. चालू डाव संपू द्या, मग नोटा टेबलावर ठेवा आणि चिप मागा. ब्लॅकजॅकला नोटा बेटिंगच्या (म्हणजे पैसे लावायच्या) गोलात ठेवू नका, नाहीतर तेवढे सगळे पैसे या डावावर लावले असा अर्थ निघू शकतो. डीलर त्या नोटा टेबलावर पसरून मांडतो म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला एकेक नोट दिसते, मोठ्याने रक्कम सांगतो, तुमच्या चिप मोजून सरकवतो आणि नोटा प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने टेबलातल्या फटीतून खालच्या पेटीत ढकलतो. ती पेटी डीलरला उघडता येत नाही.

इथून पुढे सगळं असंच चालतं, जे काही होईल ते कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे. डीलर टेबल सोडताना हात झटकून तळवे दाखवतो तेही त्यासाठीच. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे विचित्र वाटणारे नियम पाठ करावे लागत नाहीत.

चिपच्या बाबतीत दोनच गोष्टी. वेगवेगळ्या किमतीच्या चिप एकावर एक लावणार असाल तर मोठी चिप खाली, छोटी वर. आणि पत्ते वाटायला सुरुवात झाली की लावलेल्या चिपला हात लावायचा नाही, मोजायलासुद्धा नाही. निकाल लागल्यावर हळूच एखादी मोठी चिप वर सरकवणं ही फार जुनी चोरी आहे, म्हणून तुमचा हात नुसता जवळ गेला तरी डीलर टोकतो. राग मानू नका, तो सगळ्यांनाच टोकतो.

पायरी ३: सुरुवात रुलेटपासून

सगळ्यात सोपा खेळ हाच, कारण तुम्हाला काही ठरवायचंच नसतं. चाक एका दिशेने फिरतं, क्रुपिए (रुलेटच्या डीलरला हेच म्हणतात) गोळी वरच्या कडेवरून उलट्या दिशेने सोडतो, वेग कमी झाला की गोळी खाली घसरते, वाटेत बसवलेल्या धातूच्या छोट्या उंचवट्यांवर आपटून उडते आणि कुठल्यातरी खणात पडते.

बसण्याआधी खण मोजायची गरज नाही, फक्त हिरवे खण किती ते बघा. एकच शून्य असेल तर एकूण ३७ खण. शून्य आणि डबल शून्य असेल तर ३८. काही ठिकाणी आता तीन हिरवे असलेली ३९ खणांची चाकंही आली आहेत. एका आकड्यावर लावून जिंकलात तर तिन्ही चाकांवर सारखेच मिळतात, एकास ३५. म्हणजे एका शून्याच्या चाकावर सगळ्या ३७ खणांवर एकेक चिप लावली तर ३७ जाणार आणि ३५ अधिक तुमची १ अशा ३६ परत येणार. ही जी एक चिप कमी आली तोच कॅसिनोचा धंदा, २.७ टक्के. डबल शून्यावर तो ५.२६ टक्के होतो आणि तीन हिरव्यांवर ७.६९. खेळ तोच, गोळी तीच, फक्त चाक बदललं. शेजारी एका शून्याचं टेबल मोकळं असताना डबल शून्यावर बसण्याचं एकही कारण मला माहीत नाही, मिनिमम खूप जास्त असणं सोडून.

चाकावरचे आकडे ओळीने नसतात, एका शून्याच्या चाकावर शून्याच्या एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला २६ असतो. कापडावर मात्र १ ते ३६ तीन-तीनच्या ओळीत सरळ मांडलेले. त्यामुळे कापडावर शेजारी असलेले आकडे चाकावर कुठल्याकुठे असतात.

चिप कुठे ठेवली यावर सगळं ठरतं. आकड्याच्या मधोमध ठेवली तर तो एक आकडा. दोन आकड्यांमधल्या रेषेवर ठेवली तर दोन्ही, मिळणार १७ पट. चार चौकोन मिळतात त्या कोपऱ्यावर ठेवली तर चार आकडे, ८ पट. ओळीच्या टोकाच्या रेषेवर ठेवली तर त्या ओळीतले तीन, ११ पट. बाहेर लाल-काळा, सम-विषम, १ ते १८ की १९ ते ३६, हे सगळे एकास एक, आणि बारा-बाराचे गट आणि उभे रकाने एकास दोन. शून्य आलं तर हे बाहेरचे सगळे हरतात. काही टेबलांवर एकास एकवाल्या बेटला शून्य आल्यावर अर्धे पैसे परत देतात. एका शून्याच्या चाकावर असा नियम असेल तर त्या बेटवरचा कॅसिनोचा वाटा १.३५ टक्क्यांवर येतो, म्हणून आवर्जून विचारा.

रुलेटच्या चिप वेगळ्या असतात. प्रत्येक खेळाडूला वेगळा रंग देतात कारण एकाच आकड्यावर पाच जणांच्या चिप पडतात आणि मग कोणाची कुठली हे कळायला नको का. तुमच्या रंगाची किंमत चिप घेतानाच त्या टेबलापुरती ठरते, त्यामुळे त्या चिप खिशात घालून दुसऱ्या टेबलावर जाता येत नाही.

गोळी फिरत असतानाही लावता येतं, पण क्रुपिएने कापडावरून हात फिरवून ‘नो मोअर बेट्स’ म्हटलं की हात मागे. आकडा आला की तो त्यावर एक छोटी बाहुलीसारखी खूण ठेवतो. ती खूण उचलेपर्यंत टेबलावर काहीही ठेवायचं नाही आणि काहीही उचलायचं नाही, स्वतःची जिंकलेली चिपसुद्धा.

चाकाशेजारी स्क्रीनवर आधी आलेले आकडे दाखवतात. शोभेची वस्तू समजा. १९१३ साली मॉन्टे कार्लोला लागोपाठ २६ वेळा काळा आला होता आणि प्रत्येक वेळी आता लाल येणारच म्हणून लोक रक्कम वाढवत गेले, खिसे रिकामे झाले. गोळीला मागचं काही आठवत नाही.

पायरी ४: ब्लॅकजॅक, इथे जरा वेळ द्या

अर्धगोल टेबल, पाच ते सात जागा, प्रत्येकासमोर एक गोल. डीलरच्या एका बाजूला शू, म्हणजे पत्ते सरकत बाहेर येणारी पेटी, त्यात बहुतेक वेळा सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून भरलेले. दुसऱ्या बाजूला वापरलेल्या पत्त्यांचा ट्रे. पिसून झाले की एका खेळाडूकडे रंगीत प्लास्टिकचं पान देतात, ते गठ्ठ्यात कुठेही खुपसायचं आणि तिथून काटतात. तुमच्याकडे आलं तर घाबरू नका, कुठेही खुपसा, काही फरक पडत नाही. डीलर तेच पान मग गठ्ठ्याच्या शेवटाकडे घालतो आणि वाटताना ते बाहेर आलं की तो डाव संपल्यावर पुन्हा पिसायचं.

नियम: २१ च्या जवळ जायचं पण वर नाही. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी १०, एक्का १ किंवा ११, बाकी छापलेलं तेवढं. तुमची लढाई फक्त डीलरशी, शेजाऱ्याशी नाही. तुम्हाला दोन पत्ते, डीलरला दोन, त्यातला एक उघडा (काही ठिकाणी डीलर दुसरा पत्ता शेवटी घेतो). पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहावालं काही आलं तर ब्लॅकजॅक.

कॅसिनो जिंकतो कुठे? तुम्ही आधी खेळता. तुम्ही २२ केलेत की तुमची चिप तिथेच गेली, नंतर डीलरही २१ च्या वर गेला (यालाच फुटणं म्हणतात) तरी परत येत नाही. सगळा खेळ या एका अन्यायावर उभा आहे.

आता हाताच्या खुणा, कारण तोंडाने सांगून भागत नाही, वरच्या कॅमेऱ्याला शब्द नाही तर हात दिसतो. पत्ता हवा तर बोटाने टेबलावर टकटक. नको तर तळवा खाली ठेवून हात आडवा फिरवायचा. डबल करायचं म्हणजे रक्कम दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा, त्यासाठी तेवढीच चिप पहिल्या चिपच्या शेजारी ठेवायची, वर नाही. सारखे दोन पत्ते आले आणि ते फोडून दोन हात करायचे असतील तर पुन्हा तेवढीच चिप शेजारी. पत्ते उघडे वाटले असतील तर त्यांना हात लावायचा नाही. ज्या टेबलावर पत्ते पालथे देतात तिथे उचलायचे, पण एकाच हाताने, आणि टेबलाच्या कडेबाहेर न्यायचे नाहीत.

कधी काय करायचं याचा पूर्ण तक्ता असतो, बरेच कॅसिनो तो कार्डवर छापलेला टेबलावर बघू देतात, तुम्ही खेळ अडवून ठेवला नाहीत तर. पण सुरुवातीला एवढं पुरे: डीलरचा उघडा पत्ता २ ते ६ असेल तर त्याची अडचण आहे, तुमचे १३ ते १६ असले तरी गप्प थांबा. १२ असताना ४, ५, ६ समोर थांबा, २ आणि ३ समोर घ्या. डीलरचा ७ किंवा वर असेल तर १७ होईपर्यंत घेत राहा. (हे सगळं ११ म्हणून मोजलेला एक्का हातात नसताना. असा एक्का असेल तर १७ पर्यंत घ्यायला काहीच भीती नाही, कारण एका पत्त्याने तुम्ही फुटत नाही.) एक्के आणि अठ्ठ्या आल्या तर फोडा. दहाची जोडी कधी फोडू नका, २० हातात असताना अजून काय हवंय? पंज्याची जोडीही नाही, ते १० समजून खेळा. ११ झाले आणि डीलरचा एक्का नसेल तर डबल. डीलरच्या दहासमोर तुमचे १६ हा सगळ्यात वाईट हात, घेतलं तरी बहुतेक हरणार, थांबलात तरी बहुतेक हरणार, घेतल्यावर थोडं कमी.

नीट खेळलं आणि नियम बरे असले तर कॅसिनोचा वाटा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो. आता कापडाकडे परत या. ब्लॅकजॅकला ‘३ ला २’ लिहिलं असेल तर १०० लावून १५० मिळतात. ‘६ ला ५’ असेल तर १२०. किरकोळ वाटतं ना? ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, तासाला ६० हात धरले तर जवळजवळ तीनदा, प्रत्येक वेळी ३० कमी, म्हणजे तासाला ९० च्या आसपास गेले. नीट खेळणाऱ्याचा एरवीचा अपेक्षित तोटा असतो तासाला ३०. एका छापील ओळीने तुमचा खर्च चौपट झाला, आणि तुम्ही एकही चूक केली नाही. त्यामुळे ६ ला ५ दिसलं की मी तरी पुढच्या टेबलाकडे जातो.

दुसरी ओळ डीलरच्या १७ ची. डीलरकडे एक्का आणि छक्की असे १७ असताना तो थांबतो की अजून पत्ता घेतो? थांबणारं टेबल तुमच्या फायद्याचं, फरक ०.२ टक्क्यांच्या आसपास.

आणि इन्शुरन्स. डीलरचा उघडा एक्का आला की तो विचारतो, इन्शुरन्स घेणार का. नावावरून वाटतं तुमचं संरक्षण होतंय, प्रत्यक्षात ती वेगळी बेट आहे, त्याचा झाकलेला पत्ता दहाचा निघाला तर दुप्पट मिळतात. १३ प्रकारच्या पत्त्यांत दहाचे ४. चार वेळा दोन-दोन मिळून ८ आले, नऊ वेळा एकेक जाऊन ९ गेले. नको म्हणा.

शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने चुकीचा पत्ता घेतला की टेबलावरचे काही लोक त्याला खातात, “तू डीलरचा फुटायचा पत्ता घेतलास!” असं. पुढचा पत्ता कोणालाच माहीत नसतो, त्याने जितकं नुकसान होतं तितकाच फायदाही होतो, पण वाद घालत बसू नका. पहिल्या दिवशी ती खुर्ची टाळा, डोक्याला ताप नको.

पायरी ५: बॅकरा, दोन मिनिटांत

दिसायला सगळ्यात रुबाबदार, खेळायला सगळ्यात सोपा. प्लेयर, बँकर किंवा टाय, तिघांपैकी एकावर चिप ठेवायची आणि हात बांधून बसायचं. प्लेयर म्हणजे तुम्ही नाही, बँकर म्हणजे कॅसिनो नाही, ती फक्त दोन बाजूंची नावं आहेत. दश्शी आणि चित्रं शून्य, एक्का १, बेरीज केल्यावर फक्त शेवटचा आकडा धरायचा, म्हणजे ७ आणि ८ चे १५ झाले तर हात ५ चा. ९ च्या जवळचा जिंकला. पहिल्या दोन पत्त्यांत कोणाचे ८ किंवा ९ झाले तर तिथेच निकाल. नाहीतर प्लेयर ५ किंवा कमीवर तिसरा पत्ता घेतो, बँकरने घ्यायचा की नाही याचं एक किचकट कोष्टक आहे, ते डीलरला पाठ असतं, तुम्हाला लागत नाही.

बँकर जरा जास्त वेळा जिंकतो म्हणून त्याच्या जिंकीवर ५ टक्के कमिशन कापतात, तरी तीच सगळ्यात बरी बेट, कॅसिनोचा वाटा १.०६ टक्के. प्लेयरवर १.२४. टायला आठपट मिळतात म्हणून मोह होतो, पण तिथे वाटा १४ टक्क्यांच्या वर आहे. लोक आधीचे निकाल टिपायला कागदावर लाल-निळे गोल काढत बसलेले दिसतील, काढू देत.

पायरी ६: क्रॅप्स, आरडाओरडा ऐकून पळू नका

सगळ्यात मोठा आवाज जिथून येतो ते हे टेबल. लांबलचक, उंच कडा असलेलं, आतून भिंतींना पिरॅमिडसारखे रबराचे टोकदार उंचवटे. फासे त्या समोरच्या भिंतीवर आपटलेच पाहिजेत, म्हणजे ठरवून दान पाडता येत नाही. फासे पारदर्शक असतात (आत वजन लपवता येऊ नये म्हणून), कोपरे धारदार, त्यावर सिरियल नंबर, आणि ठिपके नुसते खोदून सोडलेले नसतात तर तेवढ्याच वजनाच्या पदार्थाने भरलेले, नाहीतर सहा ठिपक्यांची बाजू हलकी पडली असती.

काठीवाला (लांब काठीने फासे सरकवणारा डीलर) तुमच्याकडे पाच-सहा फासे सरकवतो, त्यातले दोन निवडायचे. उचलायचे एकाच हाताने, दुसऱ्या हातात घेतले की बदलले असा संशय येतो. फेकायचं नसेल तर नाही म्हणा, फासे पुढच्याकडे जातात, कोणाला काही वाटत नाही.

कापडावर शंभर प्रकारच्या बेट छापलेल्या असतात, त्यातली एकच शिका, पास लाइन. कडेने जाणाऱ्या लांब पट्ट्यावर चिप ठेवायची. पहिल्या दानाला ७ किंवा ११ पडलं तर जिंकलात. २, ३ किंवा १२ पडलं तर गेले. ४, ५, ६, ८, ९, १० पैकी काही पडलं तर तो पॉइंट झाला. डीलर एक गोल चकती ‘ऑफ’च्या काळ्या बाजूवरून ‘ऑन’च्या पांढऱ्या बाजूवर उलटवून त्या आकड्यावर ठेवतो. आता तोच आकडा ७ च्या आधी पुन्हा पडला तर जिंकलात, ७ आधी पडला तर पास लाइनवाले सगळे हरले. चकती बघितली की खेळ कुठे आलाय ते कळतं, ऑफ असेल तेव्हाच पास लाइनवर नवीन चिप ठेवा. वाटा १.४१ टक्के.

पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे अजून चिप ठेवता येते, तिला ऑड्स म्हणतात, आणि कापडावर तिचं नावही बऱ्याचदा छापलेलं नसतं. दोन फाशांची ३६ दानं, ७ सहा प्रकारे पडतो, ४ तीनच प्रकारे, म्हणून पॉइंट ४ किंवा १० असेल तर ऑड्सला बरोबर दुप्पट देतात. ५-९ ला दोनास तीन, ६-८ ला पाचास सहा. जेवढी शक्यता तेवढेच पैसे, कॅसिनोचा वाटा शून्य. याउलट टेबलाच्या मधोमध रंगीबेरंगी चित्रं काढून ज्या बेट मांडल्यात त्यांच्यापासून लांब राहा, पुढच्या एकाच दानात ७ पडेल ही बेट एकास पाच द्यायला हवी तिथे एकास चार देते, वाटा १६.६७ टक्के.

फासे हवेत असताना टेबलात हात घालू नका, तुमच्या हाताला लागून ७ पडला तर सगळं टेबल तुमच्याकडे बघेल. आणि ‘सात’ हा शब्द तिथे उच्चारायचा नाही. अंधश्रद्धाच, पण तिथे उभे असलेले वीस लोक ती मानतात.

उठताना

डाव संपला की सगळ्या छोट्या चिप डीलरकडे सरकवा आणि मोठ्या करून मागा, म्हणजे खिशात दोन-चारच राहतात आणि टेबलालाही सुट्या चिप मिळतात. रुलेटवरून उठत असाल तर रंगीत चिप तिथेच बदलून नेहमीच्या घ्या, बाहेर त्यांना काही किंमत नाही. मग त्या घेऊन कॅशियरच्या खिडकीवर जायचं, बाहेर पडायच्या आधीच, कारण ज्या कॅसिनोची चिप तिथेच तिचे पैसे होतात. मोठी रक्कम असेल तर ओळखपत्र मागू शकतात, जवळ ठेवा.